मूकपट-शैलीचा विनोदी लघुपट: ‘गायब’चा कट उडी मारतो, पळापळ नकली दिसते

झावळी (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावरच्या जत्रेत नाटक सुरू होण्याआधी दाखवायला सहा-सात मिनिटांचा कृष्णधवल मूकपट करतोय. संवाद नाहीत, मधे पाट्या, आणि पडद्याशेजारी पेटी-तबला. गोष्ट साधी आहे: भाटकाराच्या (जमीनदाराच्या) अंगणातून नारळ पळवणारा चोर आणि त्याच्या मागे लागलेला गडी. युक्त्या शक्यतो जुन्या पद्धतीने, शूटिंगच्या वेळीच करायच्या आहेत. कॉम्प्युटरवर फक्त जोडकाम.

साधने: एक मिररलेस कॅमेरा (२५, ५० आणि १०० एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम), किट झूम, साधा ट्रायपॉड, जोडकामासाठी दा विंची रिझॉल्व या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती. जागा: अंगण, चिऱ्याचे (तांबड्या जांभा दगडाचे) कुंपण, मागे माड, बाजूला जुना मांगर (सामान ठेवायची खोपी).

अडचणी अशा.

१. चोर गायब होतो तिथे कॅमेरा जागचा हललेला नसतानाही कट डोळ्यांना टोचतो.
२. पळापळीची क्लिप १५० टक्क्यांवर नेली की धक्के खाते.
३. चोराला एकाच फ्रेममध्ये तीन गडी दिसायला हवेत, तिन्ही एकच नट.
४. मांगराची पुढची भिंत गड्यावर पडते आणि तो खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो. हे करावे की सोडून द्यावे?

---

खाजन

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या जागेच्या वर्णनातच आहे: मागे माड. कटच्या क्षणी झावळी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडते. प्रेक्षक चोराकडे बघत असला तरी फ्रेमच्या कडेची हालचाल डोळा लगेच पकडतो. ‘गायब’चे शॉट चिऱ्याच्या भिंतीसमोर घ्या, वर आभाळ आणि झावळ्या अजिबात नकोत. माड हवेच असतील तर दोन्ही भागांत तो भाग एकाच सलग टेकमधला ठेवा आणि चोराभोवतीचा तुकडा तेवढा मास्क करून (फ्रेमचा तेवढाच भाग आखून) बदला. मग चोराची सावलीसुद्धा त्या मास्कच्या आत पडायला हवी, हे शूटिंगच्या वेळीच बघून घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे सावली. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो. तीन मीटर लांबीच्या सावलीचे टोक तेवढ्यात सुमारे ५ सेंटीमीटर हलू शकते आणि ते कटमध्ये स्वच्छ दिसते. तेव्हा आधीचा आणि नंतरचा भाग एका मिनिटाच्या आत संपवा. ढगांचा दिवस असेल तर पूर्ण झाकोळलेला घ्या, नाहीतर पूर्ण मोकळा. ऊन-सावलीचा खेळ चालू असताना हा शॉट घेऊच नका.

तिसरा शत्रू कॅमेरा स्वतः. एक्स्पोजर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळे हाताने ठरवून बांधून टाका. चोर फ्रेममधून गेला की स्वयंचलित एक्स्पोजर लगेच भिंत मोजतो आणि उजेड बदलतो. स्थिरीकरण बंद करा. ट्रायपॉडवर असतानाही ते फ्रेम हळूहळू सरकवत राहते. सारवलेल्या अंगणात ट्रायपॉडचे पाय रुततात म्हणून प्रत्येक पायाखाली सपाट चिरा किंवा कौलाचा तुकडा ठेवा, मधल्या दांड्याला वाळूची पिशवी लटकवा. आणि दोन भागांच्या मधे रेकॉर्डिंगचे बटण दाबू नका. कॅमेरा चालू राहू दे.

आता कृती. चोर उडी मारतो, बाहेरून कोणी ‘थांब’ म्हणतो, गडी आहे तसा गोठतो, चोर फ्रेमबाहेर जातो, ‘चल’ म्हटले की गडी पुढे खेळतो. गोठणाऱ्याने हात हवेत धरून उभे राहू नये, दहा सेकंदांत तो हात दोन-चार सेंटीमीटर खाली येतोच. हात कमरेवर किंवा काठीवर टेकलेला असू दे. गोठणारी माणसे जितकी कमी तितके बरे, एकच असेल तर उत्तम.

कट कुठे द्यायचा यावर सगळे अवलंबून आहे. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएसने १८९६मध्ये खुर्चीवरची बाई गायब केली तेव्हापासून ‘कॅमेरा थांबवून केलेली जादू’ अशी या युक्तीची ओळख आहे, पण त्याच्या उरलेल्या प्रिंट तपासल्या तर त्या ठिकाणी फिल्म कापून चिकटवल्याचा सांधा सापडतो. कारण अगदी व्यवहारी होते. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबताना आणि सुरू होताना मंद चालतो, तेवढ्या फ्रेमवर उजेड जास्त पडतो आणि पांढरा झटका दिसतो. त्या फ्रेम काढाव्याच लागत. शिवाय सांधताना हालचाल जुळवता येई. तुम्हीही जोडकाम करताना एकेक फ्रेम मागेपुढे करून बघा. चोर उडीच्या सर्वांत वरच्या बिंदूवर असताना पहिला भाग तोडा. दुसरा भाग गड्याची हालचाल सुरू झाल्यावर पकडा, सुरू होण्याआधी नाही. गडी स्तब्ध असलेली एक फ्रेमही उरली तरी कट उघडा पडतो.

पिठाचा धुरळा उडवून कट झाकायचा असेल तर धुरळा फक्त दुसऱ्या भागात, त्याच्या पहिल्याच फ्रेमपासून उडू दे. दोन्ही भागांत उडवला तर ढगाचा आकार जुळत नाही. जवळ समई, चूल, पेटती विडी काहीही नको: हवेत उडालेले तांदळाचे पीठ पेट घेते.

याच युक्तीचा तुम्हाला जास्त उपयोगी पडेल असा प्रकार म्हणजे माणसाच्या जागी बाहुला. एडिसनच्या कारखान्यात १८९५मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शिरच्छेदाचे चित्रण असेच झाले, बाकीचे सगळे गोठले आणि नटाच्या जागी बाहुला आला. चोर माडावरून पडतो तो बाहुला, जमिनीवरून धडपडत उठतो तो नट. बाहुल्यात फक्त गवत भरले तर तो तरंगत पडतो. कमरेत आणि पायांत वाळूच्या पिशव्या भरा, मान सैल ठेवा, गुडघे मागच्याच बाजूला दुमडतील असे बांधा. आदळल्यावर दोन-तीन फ्रेमच्या आत नटावर या.

आणि एक मत. मेलिएसची जादू प्रेक्षकाकडे तोंड करून उभी असते, तिला चकित करायचे असते. पाठलागात प्रेक्षकाने चोराच्या पायांवर विश्वास ठेवायला हवा. कोणीही कधीही गायब होऊ शकतो असे एकदा वाटले की पुढच्या पळण्यात जीव राहत नाही. सहा मिनिटांत ‘गायब’ दोनदाच करा.

---

चौदा फ्रेम

धक्क्यांचे कारण हिशेबात आहे. २५ एफपीएसची क्लिप दीडपट केली की सॉफ्टवेअर प्रत्येक तीन फ्रेममधली एक टाकते. दोन फ्रेम सलग, मग एक गाळलेली, पुन्हा दोन सलग. हालचालीची पावले असमान पडतात.

५० एफपीएसवर चित्रित करा आणि २५च्या टाइमलाइनवर १५० टक्के वेग द्या. आता बरोबर दर तिसरी फ्रेम उचलली जाते, पावले समान. २०० टक्के केले तर दर चौथी. सव्वापट वेग हवा असेल तर १०० एफपीएसवर घ्या, मग दर पाचवी. रिटाइमची (वेग बदलण्याची) पद्धत ‘नियरेस्ट’ ठेवा. ‘ऑप्टिकल फ्लो’ मधल्या फ्रेम स्वतः तयार करते आणि पळणाऱ्याचे पाय एकमेकांत वितळतात.

५० एफपीएसला शटर १/५० ठेवा. हालचालीला थोडा पुसटपणा येतो आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवरच्या दिव्यांत पट्टे येत नाहीत. १/५००सारखे वेगवान शटर ठेवले की प्रत्येक फ्रेम कोरीव दिसते आणि पळणे थरथरते. भर उन्हात १/५० ठेवायचे तर एनडी फिल्टर (भिंगावर लावायची, उजेड कमी करणारी काच) लागेल. अॅपर्चर फार लहान करून भागवू नका, चित्र मऊ पडते.

मुळात त्या काळी कॅमेऱ्याच्या दांड्याच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम जात, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम. कीस्टोनसारख्या कंपन्यांच्या विनोदी पाठलागांत दांडा मुद्दाम हळू फिरवत, १२-१४च्या आसपास, आणि दाखवताना वेग जास्त असे. पुढे बोलपट आल्यावर २४ पक्के झाले आणि १६ने घेतलेली साधी चित्रेही २४ने चालवली जाऊ लागली. सगळे मूकपट तुरुतुरू चालतात हा समज त्यातून पसरला. म्हणून सगळा लघुपट दीडपट करू नका. चोर झाडाखाली टेहळणी करतो ते साध्या वेगात, पाठलाग दीडपट, अगदी एखादा कोपऱ्यावरचा वळसा दुप्पट.

नटांनी पळताना घाई करायची नाही. दीडपट होणार असेल तर पावले मोठी, हात मोकळे, आणि प्रत्येक क्रिया संपल्यावर क्षणभर थांबा: चोराने मागे वळून बघितले, थांबला, मग पळाला. तो थांबा साध्या वेगात अर्धा सेकंद असेल तर दीडपटीत एकतृतीयांश सेकंदच उरतो, म्हणून तालमीत तो लांबवून घ्या. पडणे मात्र दीडपट केले की वजन हरवते. पडण्याच्या सुरुवातीला वेग साध्यावर आणा.

चौकट डोक्यापासून पायापर्यंत हवी. पाय कापले की स्लॅपस्टिक (धडपडीचा विनोद) मेले.

---

झावळी (फोंडा)

देव बरें करूं! ५०चा हिशेब लगेच करून बघितला, धक्के गेले. आणखी एक: चोराने टाकलेले नारळ जमिनीवरून एकेक करून उडत पुन्हा त्याच्या हातात येतात असेही हवे आहे. ते नुसते उलटे चालवून भागेल का?

---

काळी मखमल

नारळांचे आधी. उलटे चालवूनच होते, पण काय उलटे करायचे ते नीट निवडा. हवेत फेकलेल्या वस्तूची वाट उलट-सुलट सारखीच दिसते, म्हणून हवेतला भाग कधीच फसत नाही. फसतो तो जमिनीवरचा: आपटणे, उसळी, धूळ. नारळ जमिनीवर पडू देऊ नका. चोर वरून एकेक नारळ खाली टाकतो, फ्रेमबाहेर बसलेला साथीदार तो झेलतो. उलटे केले की खालून फेकलेले नारळ चोर अचूक झेलतोय असे दिसते. चॅप्लिनने १९२२च्या ‘पे डे’मध्ये विटा झेलण्याचा प्रसंग असाच उलट्या चित्रणातून केला. टाकणाऱ्याची नजर महत्त्वाची. नारळ हातातून सुटल्यावरही त्याने खाली, नारळ गेला त्या जागेकडे, क्षणभर बघत राहायचे. उलट्यात ती ‘येतोय’ अशी वाट पाहणारी नजर होते. सैल सदरा आणि उडते केस उलटे चुगली करतात, तेव्हा सदरा खोचून, केस बांधून. आणि नारळ अख्खे नकोत. आतला नारळ काढून घ्या, सोडणे (बाहेरची साले) सुतळीने पुन्हा बांधा. आकार तोच, वजन झेलण्याजोगे.

आता तीन गडी. दोन रस्ते आहेत.

पहिला, तिघे आपापल्या पट्ट्यात राहतात. फ्रेमचे उभे तीन भाग करा, जमिनीवर फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला खुणा ठेवा, तीन टेक घ्या, मास्कची कड पाच-दहा पिक्सेल मऊ करून जोडा. कड शक्यतो एखाद्या खांबावरून किंवा भिंतीच्या उभ्या सांध्यावरून न्या. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटनने ‘द प्लेहाउस’मध्ये (१९२१) एका रांगेत नऊ कीटन उभे केले ते याच तत्त्वावर: भिंगापुढे नऊ उघडझापांची पेटी, एक उघडी बाकी बंद, मग फिल्म मागे गुंडाळून पुढची. छायालेखक एल्जिन लेस्लीचा हात इतका एकसारखा फिरे की नऊही वेळा वेग जुळला, आणि कीटन मेट्रोनोमच्या ठोक्यावर हालचाल करी. ठोक्याची ही कल्पना तुम्ही जशीच्या तशी उचला. तबलजीला बोलवा, मध्य लयीत केरवा तालाची अमुक इतकी आवर्तने वाजवून फोनवर रेकॉर्ड करा आणि तीनही टेकला तेच लावा. पहिल्या मात्रेला पहिला गडी डावीकडे बघतो, पाचवीला दुसरा उजवीकडे, असे मात्रांवर बांधा. नजरा आपोआप जुळतात आणि जत्रेत तबलजीला तीच लय समोर वाजवता येते.

दुसरा रस्ता, तिघे एकमेकांची वाट ओलांडतात. त्याला काळी पार्श्वभूमी लागते. मेलिएसने १९००मध्ये एकट्याने सात वादकांचा ताफा केला तो काळ्यासमोर, फिल्म पुन्हा पुन्हा मागे नेऊन. तुम्ही टेक एकावर एक ठेवून ‘लाइटन’ मोड लावा. काळा तो काळाच राहतो आणि उजळ भाग वर येतो. पण यात आकृत्या एकमेकांवर आल्या की पारदर्शक भुतासारख्या मिसळतात. म्हणजे ओलांडायचे तर एकजण दुसऱ्याच्या जागेवर येईपर्यंत पहिल्याने ती जागा सोडलेली असली पाहिजे. कापड मखमलीचेच घ्या. सॅटिन किंवा पॉलिस्टर चमकते आणि राखाडी होते. नट कापडापासून निदान दोन मीटर पुढे, दिवे बाजूने, कापडावर उजेड पडू न देता. त्याचे केस आणि काळी पँट मागच्या काळ्यात नाहीशी होतील, म्हणून डोक्याला पांढरा पंचा, अंगावर फिके कपडे.

तुमच्या अंगणाला पहिलाच रस्ता योग्य. काळा पडदा तिथे उपरा दिसेल.

न विचारलेले एक, कारण त्याने सगळ्या चित्राचा नूर बदलेल. रंग नुसता काढून टाकला तर चिऱ्याचा तांबडा आणि माणसाची त्वचा जवळजवळ एकाच राखाडीत येतात आणि नट भिंतीत बुडतो. त्या काळची फिल्म निळा आणि हिरवा पकडायची, तांबड्याला जवळपास आंधळी होती. कृष्णधवल करताना चॅनल मिक्सरमध्ये (कोणत्या रंगाचा किती वाटा घ्यायचा ते ठरवणाऱ्या साधनात) तांबडा १०, हिरवा ५०, निळा ४० टक्के असे ठेवून बघा. चिरा गडद होतो, आभाळ पांढरे होते, पंचा आणि सदरा उठून येतात. त्वचाही काळवंडते, म्हणून चेहऱ्याला आपल्या रंगभूमीवरची फिकी रंगभूषा, डोळ्यांना काजळ. कुंकू काळे दिसेल हे लक्षात ठेवा. खोटे ओरखडे आणि डाग मारू नका. जत्रेच्या झगमगाटात पडद्यावर आधीच काळे कमी उतरते, त्यावर डाग म्हणजे नुसता चिखल.

आणि फाळके नक्की बघा. ‘कालिया मर्दन’ (१९१९) आज बघायला मिळतो. त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. सुरुवातीला तिचा साधा चेहरा निरनिराळे भाव दाखवतो आणि मग विरघळत कृष्णाच्या वेशात येतो. दोन्ही चेहऱ्यांची जागा आणि आकार कसा सांभाळलाय ते थांबवून थांबवून बघा.

---

मेस्त

भिंतीचा प्रश्न राहिला. करता येते, पण भिंत मांगराची नको. मांगराला हातही लावू नका. समोर बांबूची चौकट, त्यावर गोणपाट, त्यावर चुना-मातीचा रंग. दोघांना सहज उचलता येईल इतकीच जड. कीटनने ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) खरी जड दर्शनी भिंत स्वतःवर पाडली. सुटका काही इंचांची होती. त्यातले गणित घ्यायचे, वजन नाही.

गणित असे. भिंत तळाशी बिजागरीवर फिरते. भिंतीवरचा बिंदू जितक्या उंचीवर, तितक्याच अंतरावर तो जमिनीवर येतो. पण माणूस उभा असतो. खिडकीची कड आधी त्याच्या डोक्याला भेटते, पायांना शेवटी. खिडकीची खालची कड पायांच्या हिशेबाने आणि वरची कड डोक्याच्या हिशेबाने काढावी लागते. डोक्याचा हिशेब: बिजागरीपासून शरीराच्या लांबच्या बाजूपर्यंतच्या अंतराचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, त्याचे वर्गमूळ.

१.७ मीटर उंचीचा नट, जाडी ३० सेंटीमीटर, बिजागरीपासून शरीराचा मध्य २.५ मीटरवर. जवळची बाजू २.३५, लांबची २.६५. डोके भिंतीला भेटते ते सुमारे ३.१५ मीटरवर. दोन्हीकडे २५ सेंटीमीटर सोडा: खिडकी २.१० ते ३.४० मीटर, म्हणजे १.३० मीटर उंच. तोच नट ४ मीटरवर उभा केला तर १.१५ मीटरची खिडकी पुरते. खिडकी जितकी उंच, तितकी ती लहान चालते. कीटनची खिडकी माळ्यावरची होती त्याला हेही कारण पुरेसे आहे. रुंदी खांद्यांपेक्षा दोन्हीकडे ३० सेंटीमीटर जास्त ठेवा, कारण भिंत पडताना आडवी सरकते.

बिजागरी म्हणजे जमिनीत ठोकलेल्या दोन जाड खुंट्यांतून गेलेला लोखंडी पाइप, त्यावर चौकटीचा खालचा बांबू घट्ट बांधलेला. नुसते बांबू जमिनीत टेकवले तर पडताना तळ मागे सरकतो आणि सगळे माप चुकते. खिडकीच्या चारही कडांना जाड फोम, वर गोणपाट. गोणपाटात हवा अडते आणि भिंत मधेच रेंगाळते, म्हणून वरच्या भागात कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी फटी पाडून ठेवा. दोन्ही बाजूंना फ्रेमबाहेर एकेक माणूस मागून दोरी धरून.

पायांच्या जागी दोन खिळे जमिनीशी सपाट ठोका. आधी त्या जागी नटाच्याच उंचीचे बुजगावणे, डोक्यावर खडूची पूड लावलेले मडके. भिंत पाडा, चौकटीवर खडू लागला का बघा. सलग काही वेळा स्वच्छ सुटका होईपर्यंत माणूस उभा करायचा नाही. मग नटाने डोळे मिटायचे नाहीत, खांदे आखडायचे नाहीत, आणि पडल्यावर दोन सेकंद हलायचे नाही.

---

चौदा फ्रेम

मेस्त बाब, एक भर. हा शॉट दीडपट करू नका असे सांगा त्यांना. हलकी भिंत वेगात आपटली की पुठ्ठ्याची दिसते. ५०वर घेतलेले साध्या वेगातच ठेवावे, किंवा पडण्याची शेवटची पंधरा-वीस फ्रेम किंचित मंद. जमिनीवर आधी कोरडी माती पसरली तर धूळ उठते आणि वजन वाटते.

---

झावळी (फोंडा)

माप वहीत उतरवून घेतले. चार मीटरवर उभे करायचे तर भिंत केवढी उंच लागेल? आणि आमच्याकडे दुपारी वारा असतो.

---

मेस्त

खिडकी ४.७५ मीटरपर्यंत जाते, वर पाऊण मीटर तरी भिंत दिसायला हवी. म्हणजे साडेपाच मीटर. तेवढी गोणपाटाची चौकट वाऱ्यात शिडासारखी धरते, तुम्ही अडीच मीटरवालीच करा, सव्वाचार मीटरमध्ये भागते. दुपारी समुद्राकडून वारा सुटायच्या आधी, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान घ्या. एका काठीला दोरा बांधून जवळ उभी करा. दोरा सरळ लोंबत असेल तरच पाडा. कॅमेरा एसीच्या खोलीतून आणणार असाल तर अर्धा तास आधी पिशवीतच बाहेर ठेवा, नाहीतर भिंगावर दमट हवेचा थर बसतो आणि एकदाच मिळणारा शॉट धुकट येतो.